बारवेवर श्रमदान, गाडीत मुक्काम: जागा कशी मागायची आणि काम कसं करायचं

मराठवाड्यात कॅम्परव्हॅन घेऊन फिरताना एक रात्र कुठेही निघते. पेट्रोल पंप असतो, ढाबा असतो, देवस्थानाचं पटांगण असतं. एकाच गावी पंधरा-वीस दिवस राहायचं तर मात्र हक्काची जागा लागते. ती मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे गावातल्या एखाद्या सार्वजनिक वास्तूसाठी रोज ठरलेले तास काम करणं. अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पग्राउंडवर ‘कॅम्प होस्ट’ हेच करतात: आठवड्याला साधारण २० ते ३० तास काम, आणि बदल्यात वीज-पाण्याच्या जोडणीसह गाडीची जागा फुकट. तिकडे अर्ज आणि कामाची यादी आधीच तयार असते. आपल्याकडे सगळं सरपंचांशी किंवा देवस्थानच्या विश्वस्तांशी बोलून ठरतं, म्हणून ते कागदावर आणणं फार महत्त्वाचं.

जागा कुठे मागायची

वेरूळ, अजिंठा, देवगिरी ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची स्मारकं. तिथे आवारात रात्रीचा मुक्काम मागूच नका. नळदुर्ग, औसा, कंधार हे किल्ले राज्य संरक्षित आहेत. तिथे कामाची परवानगी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून लागते आणि गाडी तटाबाहेर, गावाच्या जागेतच लावायची. गौताळा किंवा येडशी रामलिंग घाटासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबता येत नाही. चूल किंवा शेकोटी तर अजिबात नाही.

सगळ्यात जमतं ते गावातल्या बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचं. मराठवाड्यात बारवा भरपूर आहेत, बहुतेक गाळाने आणि झुडपांनी भरलेल्या, आणि गावाला त्या साफ व्हायला हव्याच असतात. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांच्या श्रमदानातूनच मोकळी झाली. मात्र अर्ज करण्याआधी बारव संरक्षित यादीत आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून घ्या. यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या पत्राशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

पत्र आणि ठराव

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय येऊन ठराव व्हावा म्हणून पत्र सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ग्रामपंचायतीत पोचवा आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. पत्र एका पानाचंच असावं. त्यात हे हवं: किती माणसं, गाडीची लांबी आणि नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास आणि कोणतं काम, आणि बदल्यात काय हवं. ‘जागा द्यावी’ एवढंच लिहिलं तर पुढे वाद होतो. ‘शाळेमागच्या मुरमाच्या जागेत एक गाडी उभी करण्यास परवानगी, वीज व पाणी मागणार नाही’ असं लिहिलं की सही लवकर होते. दोन माणसांनी रोज चार तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे माणशी २० तास, हे प्रमाण गावालाही पटतं आणि झेपतंही.

सोबत आधार, आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती जोडा. गाडीत पलंग-ओटा बसवला असेल तर तो बदल आरसीवर चढलेला हवा, नाहीतर अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. गावात पोचल्या दिवशी आधी पोलीस पाटलांना भेटून ओळखपत्राची प्रत द्या. गावात अनोळखी गाडी दोन रात्री उभी दिसली की चौकशी त्यांच्याकडेच होते. त्यांना आधीच माहीत असेल तर रात्री अकराला कुणी दार वाजवत नाही.

गाडी कुठे उभी करायची

इथे सगळ्यात जास्त गाड्या फसतात त्या काळ्या मातीत. कोरडी असताना ती सिमेंटसारखी टणक दिसते, भेगा पडलेल्या असतात. एक अवकाळी सर आली की वरची चार बोटं माती साबणासारखी होते आणि तीन टनांची गाडी जागची हलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आणि अवकाळी मराठवाड्याला नवी नाही. म्हणून जागा पाहताना टिकावाने वीतभर खणून बघा. खाली मुरूम लागला तर ठीक, काळीच लागली तर दुसरी जागा मागा. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. चार फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच जाड अशा दोन फळ्या गाडीत असू द्या. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, कारण चाक फिरलं की स्वतःच खड्डा खणतं. चाकापुढची माती काढा, फळी सरकवा, टायरची हवा थोडी कमी करा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा.

वडा-पिंपळाखाली लावण्याआधी वर बघा. फांदीला किंवा जवळच्या कमानीला आग्या मोहोळ असेल तर तिथून लांब जा. धूर, अत्तर आणि जनरेटरचा आवाज, तिन्हींनी ते उठतं.

पाणी आणि वीज

पाणी गावाच्या नळावर धरून चालू नका. पुष्कळ गावांत नळ काही दिवसांआड येतो आणि उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात. टँकरच्या रांगेत पाहुण्याने घागर लावणं बरं दिसत नाही. दोन माणसांना दिवसाला साधारण ४० लिटर पुरतं: पिण्याला आठ, स्वयंपाकाला पाच, भांड्यांना सात, अंघोळीला माणशी दहा. म्हणजे १२० लिटरची टाकी तीन दिवस चालते. पिण्याचं पाणी आरओच्या २० लिटरच्या जारमधून घ्या, बाकीचं तालुक्याच्या गावी बाजारहाटाला जाल तेव्हा भरून आणा. सांडपाणी बादलीत धरून झाडांना घाला. बारवेकडे त्याचा थेंबही जाता कामा नये.

कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी काढून नेता येते असं गाडीतलं शौचकूप) असेल तर ते सेप्टिक टँक असलेल्या शौचालयातच रिकामं करा. शोषखड्ड्यात किंवा उघड्यावर नको, आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचं रसायन वापरू नका, कारण त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टचा २० वॅटचा पंखा दहा तास म्हणजे २०० वॅट-तास, दिवे ४०, मोबाइल-लॅपटॉप १५० धरा. एकूण ४०० च्या आसपास. हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात २०० वॅटचं सोलर पॅनेल ७०० पर्यंत देतं. फ्रिज चालवायचा नसेल तर गावाची वीज लागतच नाही, आणि न मागणंच उत्तम. मंदिराने आपण होऊन जोडणी दिली तर आधी टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला बल्ब) फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहा. फेज-न्यूट्रलइतका लख्ख पेटला तर अर्थिंग बरी. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर प्लग लावू नका, कारण गळती झाली तर गाडीचा पत्राच जिवंत होतो. गाडीच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच.

बारवेवरचं काम

कामाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा. पहिले दोन दिवस फक्त फोटो काढा, पायऱ्या मोजा, कुठला दगड हलतो ते खडूने लिहून ठेवा. मग वरून खाली या: आधी काठावरची काटेरी बाभूळ आणि घाणेरी, मग पायऱ्यांवरचं गवत, शेवटी गाळ. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा, हातमोजे आणि मास्क घालूनच. त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

भिंतीतून आलेला पिंपळ ओढून काढायचा नाही. त्याच्या मुळांनीच ते दगड धरून ठेवलेले असतात. मूळ ओढलं की दोन-तीन थर खाली येतात. फांद्या करवतीने छाटा आणि मुळाचा निर्णय जाणकारावर सोडा. तारेचा ब्रश, ॲसिड, सिमेंट आणि ऑइलपेंट यांपैकी काहीही बारवेत न्यायचं नाही. गावातला उत्साह नेमका सिमेंटकडे वळतो, तेव्हा हे आधीच ठरावात लिहून घ्या.

पाणी पंप लावून एका दिवसात उपसू नका. भिंतीमागची माती ओली असते, समोरचा पाण्याचा आधार एकदम गेला की मागचा दाब दगड आत ढकलतो. फेब्रुवारीच्या शेवटी पाणी आपोआप उतरतं, गाळ तेव्हा काढा. घमेलं अर्धंच भरा. ओला गाळ जड असतो आणि शेवाळलेल्या पायरीवर भरल्या घमेल्याने पाय घसरतो. दोन पायऱ्यांना एक माणूस अशी साखळी लावा. मधल्या अरुंद कुंडात कुणी उतरायचं नाही, तिथे हवा कोंडलेली असू शकते. सांदीत हात घालण्याआधी काठीने चाळवा. घोणस आणि फुरसं दोन्ही इथे आहेत. दंश झाला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा.

गाळ काठावर पसरून वाळवा आणि चाळणीतून काढा. मूर्ती, शिलालेख, नाणी निघाली तर काम थांबवा, जागेवरच फोटो घ्या आणि त्याच दिवशी सरपंचांमार्फत तहसीलदारांना कळवा. जमिनीतून निघालेलं धन १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते मंदिरात नेऊन शेंदूर लावण्याची घाई कुणाला करू देऊ नका.

रोजचे तास आणि काढलेली घमेली एका वहीत लिहा आणि आठवड्याला सरपंचांची सही घ्या. निघताना मूळ वही ग्रामपंचायतीत द्या, झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. पुढच्या गावी पत्रासोबत ती जोडली की अर्धं काम तिथेच होतं. चाकांच्या खुणा मुरमाने बुजवा, टिकाव-घमेली आणली असतील तर ती शाळेच्या खोलीत ठेवून जा, आणि गाडी दिवसाउजेडी बाहेर काढा.