जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी गळती शोधा

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, त्यामुळे सात-आठ वर्षांनी गार हवा कमी होणं समजण्यासारखं आहे. पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते न शोधता भरलेला प्रत्येक कॅन हवेत सोडल्यासारखाच आहे. शिवाय गॅसबरोबर कंप्रेसरचं (गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या पंपाचं) तेलही थोडं थोडं बाहेर जातं. ते संपलं की कंप्रेसर जाम होतो आणि खर्च कॅनच्या कित्येक पट वाढतो.

पुढची माहिती पंधरा-वीस वर्षं जुन्या, एसीत आर-134ए गॅस असलेल्या लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

गॅसला हात लावण्याआधी

‘एसी गार करत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा गॅसमध्ये नसतंच. गाडी धावताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की कोमट, असं होत असेल तर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा बघा. एसी लावल्यावर तो फिरायला हवा. कंडेन्सरच्या जाळीत चिखल, किडे, पिसं अडकलेली असतात. ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि हवा कायमची अडते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने ही पाती हाताला भुगा लागेपर्यंत कुजतात. तशी असतील तर धुण्याचा उपयोग नाही, कंडेन्सर बदलावाच लागतो.

सकाळी चालतो आणि दुपारी इंजिन तापलं की बंद पडतो, अशा एसीत कंप्रेसरच्या क्लचची (कंप्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या विद्युतचुंबकी प्लेटची) फट वाढलेली असू शकते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, चुंबक कमजोर होतं आणि रुंद झालेली फट ओलांडून प्लेट ओढता येत नाही. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर हवी. जास्त असेल तर प्लेटमागची पातळ शिम (चकती) काढून ती कमी करता येते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच बघत नाही. जुन्या गाडीतला हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग कुलिंग कॉइलने गार केलेली हवा पुढे गरम हीटर कोअरवरून (इंजिनचं गरम पाणी फिरणाऱ्या जाळीवरून) जाते. इंजिन थंड असताना हीटरकडे जाणारा रबरी पाइप क्लॅम्पने दाबून बंद करा आणि गाडी चालवून पाहा. हवा एकदम गार झाली तर दोष सापडला, गॅसचा पैसा वाचला.

कोणता गॅस, किती गॅस

भारतात नव्या उपकरणांमध्ये सीएफसी गॅस वापरण्यावर 2003 पासून बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या काही गाड्यांत मुळात आर-12 हा सीएफसी गॅस होता. त्याचे सर्व्हिस पोर्ट (गॅस भरायची तोंडं) आट्यांचे असतात. आर-134एचे गुळगुळीत, कपलर खटकन बसणारे. लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) पोर्ट 13 मिलिमीटरचा, हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) 16चा, म्हणजे उलटसुलट लागत नाहीत. आर-12च्या खनिज तेलात आर-134ए विरघळत नाही. तेल काढून पीओई हे कृत्रिम तेल, नवा ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) आणि नव्या ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) न घालता नुसता गॅस बदलला तर तेल कंप्रेसरपर्यंत परत येत नाही.

भरायच्या गॅसचं वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. लहान हॅचबॅकला बहुधा 350 ते 500 ग्रॅम. आर-12वरून बदललेल्या गाडीत जुन्या वजनाच्या 80 ते 85 टक्के भरा. एवढ्याशा सिस्टीममध्ये 50 ग्रॅमची चूकही मोठी असते. जास्त भरलं तर गारवा वाढत नाही, हाय साइडचा दाब वाढतो आणि कंप्रेसर धापा टाकतो. एसीच्या नळीवरच्या किंवा ड्रायरवरच्या छोट्या काचेतले बुडबुडे गेले की गॅस पुरेसा, हा हिशोब आर-12चा होता. आर-134एमध्ये त्यावर विसंबू नका, वजनकाटाच वापरा.

संशयास्पद स्वस्त कॅन घेऊ नका. त्यात एलपीजीसारखे ज्वालाग्राही वायू मिसळलेले असू शकतात, आणि कुलिंग कॉइल बसते ती माणसं बसतात त्याच केबिनमध्ये. कॅन रात्रभर खोलीत ठेवून गेज लावा. 30 अंशांना शुद्ध आर-134एचा दाब सुमारे 97 पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच एकक), 35 अंशांना सुमारे 114. फार वेगळा आकडा आला तर तो कॅन गाडीत घालू नका. आकडा जुळला म्हणजे गॅस शुद्धच, असं मात्र नाही.

हेच आकडे बंद गाडीवरही दिसतात. थोडासा द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. त्यामुळे इंजिन बंद असताना दाब बरोबर दिसला म्हणून ‘गॅस फुल आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

गळती

गळतीची खूण बहुतेक वेळा डोळ्यांना दिसते: जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग. जोड, कंप्रेसरच्या शाफ्टचं सील, कंडेन्सरचा दगड लागणारा खालचा भाग आणि सर्व्हिस पोर्टमधला व्हॉल्व्ह या जागा टॉर्चने नीट पाहा. पोर्टची प्लास्टिकची टोपी हरवलेली असेल तर आधी तिथे साबणाचं पाणी लावा.

डाग दिसला नाही तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या. हवेत सोडू नका. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत तो पृथ्वी सुमारे 1430 पट तापवतो. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन 150 पीएसआयपर्यंत भरा. रेग्युलेटरशिवाय कधीच नाही, भरलेल्या सिलिंडरात दोन हजार पीएसआयच्या घरात दाब असतो. ऑक्सिजन तर मुळीच नको, तेलाशी संपर्क येऊन स्फोट होतो. टायरच्या हवेत पाणी असतं, म्हणून तीही नको. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा आणि तासभर थांबा. तापमान 10 अंशांनी उतरलं तर काटा आपोआप 5 पीएसआय खाली येतो, ती गळती नव्हे.

कुलिंग कॉइल डॅशबोर्डमागे असल्याने तिला फेस लावता येत नाही. गॅस असतानाच ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि गळती शोधणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र पाणी टपकणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथेच उतरतो. सडलेली कॉइल एम-सीलने बुजवणं किंवा गळती बंद करणारं रसायन आत सोडणं टाळा. त्या रसायनाचा डिंक एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कुलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक भोकाच्या व्हॉल्व्हमध्ये) आणि पुढच्या मेकॅनिकच्या मशीनमध्ये जाऊन बसतो.

जोडणी

अॅल्युमिनियमची नळी उघडताना दोन पाने (स्पॅनर) लावा, नाहीतर नट फिरण्याऐवजी नळीच पिळली जाते. जुनी ओ-रिंग परत वापरू नका. नवी ओ-रिंग आर-134एला चालणारी, हिरव्या रंगाची मिळते. तेलात बुडवून बसवा. टेफ्लॉन टेप इथे लागत नाही.

सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच. त्यातले ओलावा शोषणारे दाणे उघड्या हवेत लवकर भरून जातात. म्हणून नव्या ड्रायरची बुचं अगदी शेवटी काढा. आर-134एच्या गाड्यांतलं पीएजी तेलही पाणी ओढतं. बाटली उघडी ठेवू नका आणि ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. नव्या कंडेन्सरसाठी साधारण 30 मिलिलिटर, कुलिंग कॉइलसाठी 30 ते 40, ड्रायरसाठी 10 ते 20 तेल वाढवा. कंप्रेसर बदलताना जुन्यातून निघालेलं तेल मोजा आणि नव्यात तेवढंच ठेवा.

जुन्या कंप्रेसरमधून काळा, चकचकीत गाळ निघाला तर तो आतून घासला गेला आहे. पातळ नळ्यांच्या कंडेन्सरमधला हा गाळ फ्लशिंगने निघत नाही. कंडेन्सरही बदला, नाहीतर नवा कंप्रेसर लवकरच जुन्याच्या वाटेने जाईल.

व्हॅक्यूम

व्हॅक्यूमचं काम हवा काढण्याइतकंच पाणी काढण्याचं आहे. दाब 500 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे अगदी कमी दाब मोजायचं एकक) उतरला की पाणी शून्याखालच्या तापमानालाही उकळून वाफ होऊन निघून जातं. आत राहिलं तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो. मग एसी वीस मिनिटं छान चालतो, बंद पडतो आणि थोडा आराम दिला की पुन्हा चालतो.

व्हॅक्यूम पंप किमान 30 ते 45 मिनिटं चालवा, पावसाळ्यात तासभर. मुंबईत काटा पाऱ्याच्या 29 इंचांच्या पुढे जातो. पुण्यात तो 28च्या आसपास अडला म्हणून पंपाला दोष देऊ नका. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हवेचा दाबच तेवढा कमी आहे. खरा आकडा मायक्रॉन गेज दाखवतं. नंतर गेज सेटचे (दोन गेज आणि तीन पाइपांच्या संचाचे) व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि अर्धा तास काटा हलतो का पाहा.

भरणं

चष्मा आणि हातमोजे घाला. द्रव गॅस कातडीवर पडला तर मांस गोठतं. जागा मोकळी हवी, खड्ड्यात उतरून नको आणि जवळ ज्वाळा नको, कारण आगीत हा गॅस विषारी होतो.

कॅन काट्यावर सरळ उभा ठेवा आणि गेज सेटच्या मधल्या पाइपातली हवा क्षणभर बाहेर सोडा. इंजिन बंद ठेवून लो साइडने जेवढा जाईल तेवढा गॅस आत जाऊ द्या. मग इंजिन 1500 आरपीएमवर, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी, आणि उरलेला गॅस लो साइडनेच वाफरूपात द्या. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडू नका. उलटा दाब कॅनमध्ये जाऊन तो फुटू शकतो. कॅन गार पडून वेग मंदावला तर 40 अंशांच्या पाण्यात धरा. पाइपात 20 ते 30 ग्रॅम अडकतो, तो हिशोबात धरा.

35 अंशांच्या दिवशी लो साइड 30 ते 45 आणि हाय साइड 200 ते 240 पीएसआय असावा. दोन्ही कमी असले तर गॅस कमी आहे. दोन्ही जास्त असले तर गॅस जास्त, आत हवा किंवा पंखा बंद. लो जास्त आणि हाय कमी असला तर कंप्रेसर थकलाय. लो साइड शून्याखाली गेला तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय. प्रेशर स्विच बायपास करून गाडी ग्राहकाला देऊ नका. गॅस गेल्यावर कंप्रेसर बंद करून त्याला वाचवणारा तोच भाग आहे.

मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खोचा आणि रीसर्क्युलेशनवर दहा मिनिटं चालवा. कोरड्या हवेत 6 ते 10 अंश मिळायला हवेत. मुंबईच्या दमटपणात 12-13 आले तरी दोष समजू नका, बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. शेवटी पोर्टच्या टोप्या लावा आणि बॉनेटखाली तारीख, गॅसचे ग्रॅम आणि तेलाचा ग्रेड लिहिलेलं स्टिकर चिकटवा.