शिकारीच्या गटासाठी जीपीएस रेडिओ निवडताना

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या डोंगराळ रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेला चार-पाच जणांचा गट पहाटेच वेगवेगळ्या धारांवर पांगतो, आणि तिथे बहुतेक ठिकाणी मोबाइल मुका असतो. अशा वेळी आवाजाबरोबर आपले स्थानही पाठवणारा हातातला रेडिओ उपयोगी पडतो. मात्र ही वस्तू एकट्याने स्वतःपुरती पाहून घेण्याची नाही. गार्मिन कंपनीच्या रिनो मालिकेतले असे रेडिओ संच एकमेकांचे स्थान नकाशावर दाखवतात, पण ही सोय रिनोधारकांपुरतीच असते. सोबत्याकडे दुसऱ्या कंपनीचा साधा वॉकीटॉकी असेल, तर एकाच चॅनेलवर बोलणे होते, पण त्याचा ठिपका नकाशावर उमटत नाही. म्हणून कोणता संच घ्यायचा हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवावे.

खोक्यावर छापलेल्या वीस-पंचवीस मैलांच्या पल्ल्यावर विसंबू नये. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, छातीच्या उंचीवर रेडिओ धरलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या गोलाईमुळेच सुमारे नऊ किलोमीटरनंतर क्षितिज आड येते. मोठा पल्ला मिळतो तो एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडे, मध्ये काहीही आड नसताना. दाट झाडीत मैल-दोन मैल मिळाले तरी समाधान मानावे. मध्ये डोंगराची धार आली की पाच वॅटचा संचही दोन वॅटच्या संचाइतकाच हतबल ठरतो, त्यामुळे केवळ वॅटच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

तरीही पाच वॅटचा संच हवाच असेल, तर अमेरिकेत जीएमआरएस या रेडिओसेवेचा सरकारी परवाना लागतो. दोन वॅटपर्यंतच्या एफआरएस या साध्या रेडिओसेवेच्या संचांना तो लागत नाही. परवान्याला परीक्षा नसते, शुल्क ३५ डॉलर असते आणि मुदत दहा वर्षांची. नागरिकत्वाची अट नसल्यामुळे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही तो मिळतो. एका परवान्यात जवळचे कुटुंबीय येतात, मित्र येत नाहीत. म्हणजे मित्रांच्या गटात ज्याने त्याने आपापला परवाना काढायचा.

परवाना असला तरी रेडिओवरून काय सांगता येते, हा प्रश्न वेगळाच आहे. मोंटानासारख्या काही राज्यांत शिकारीसाठी अशा दुतर्फी संपर्काचा वापर करण्यावर बंदी आहे, आणि जिथे कायद्याची आडकाठी नाही तिथेही सावजाचा ठावठिकाणा रेडिओवरून कळवणे अनेक जुन्या शिकाऱ्यांना बेइमानीचे वाटते. ज्या राज्यात जायचे, तिथली त्या हंगामाची नियमपुस्तिका खरेदीपूर्वीच वाचावी.

दुकानात संच हाती घेतल्यावर एक गोष्ट निरखून पाहावी: सोबत्याच्या ठिपक्याजवळ तो किती वेळापूर्वीचा आहे हे स्पष्ट दिसते का? स्थान ठरावीक अंतराने किंवा बोलण्याचे बटण सोडल्यावर पाठवले जाते, आणि मध्ये टेकडी आली तर पोहोचतच नाही. म्हणून ठिपका सोबती कुठे होता एवढेच सांगतो. तो आता कुठे आहे हे सांगत नाही. ठिपका पूर्वेला दिसतो म्हणून पश्चिमेकडे निर्धास्तपणे बंदूक रोखणे जिवावर बेतू शकते. दुरून उठून दिसणारे नारिंगी जाकीट आणि आधी आखून घेतलेली नेमबाजीची दिशा यांची जागा कोणतेही यंत्र घेत नाही.

थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवता येईल किंवा साधे एए सेल घालता येतील असा संच बरा. हातमोजे घालून बटणे दाबून पाहावीत. रिनो ७०० बटणांवर चालतो, ७५० ला टचस्क्रीन आहे.

बचाव पथकाला बोलावणे या रेडिओचे काम नव्हे. त्यासाठी गटात निदान एक इनरीचसारखे उपग्रह-संदेशयंत्र असावे. ते सुट्टीत भारतात मात्र नेऊ नये, कारण विनापरवाना असे यंत्र बाळगल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावरही प्रवाशांवर कारवाई झाली आहे.