सर्ट रिन्यू झालं, साइट हिरवी, आणि तरी सगळं बंद

महापेला एका छोट्या कंपनीत इंटिग्रेशनचं काम करतो. सर्व्हर टू सर्व्हर एमटीएलएस (दोन्ही बाजूंनी एकमेकांचं सर्ट तपासायची पद्धत) नुकतंच गळ्यात पडलंय अशांसाठी लिहितोय, सर्ट, की, चेन हे शब्द माहीत आहेत असं धरून.

आमचा जुगाड सोपा होता. वेबसाइटला पब्लिक सीएचं (सगळ्यांना सर्ट देणाऱ्या संस्थेचं) जे सर्ट, तेच पार्टनरची एपीआय कॉल करताना क्लायंट सर्ट म्हणून पुढे करायचं. वर्षानुवर्षं चाललं. मग एका संध्याकाळी ऑटो-रिन्यू झालं, साइट उघडतेय बघून मी घणसोलीला ठाणे लोकल पकडली आणि रबाळे सुटतंय तोवर फोन, की एकही रिक्वेस्ट जात नाहीये.

रात्री दोनपर्यंत मी फायरवॉलच्या मागे. आयपी व्हाइटलिस्ट बघ, चेन बघ, की मॅच होते का बघ. त्यात टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या बाजूने हँडशेक पूर्ण झालेला दिसतो आणि नकार नंतर, पहिलं वाचायला गेलं की येतो, म्हणून मी छातीठोकपणे सांगत होतो की आमच्याकडून सगळं ओके आहे. नव्हतं.

आता हे नीट वाचा, दोनदा वाचा. सर्टमध्ये एक्स्टेंडेड की युसेज नावाचं फील्ड असतं, ते सर्ट कशासाठी वापरायचं ते तिथे लिहिलेलं असतं. सर्व्हर ऑथचा (सर्व्हर म्हणून ओळख पटवण्याचा) ओआयडी, म्हणजे कोड नंबर, १.३.६.१.५.५.७.३.१, क्लायंट ऑथचा तोच पण शेवटी २. पूर्वी पब्लिक सीए दोन्ही टाकून द्यायचे, आपण कधी उघडून बघितलंच नाही. रिन्यू झालेल्या सर्टमध्ये फक्त १ वाला होता. नाव तेच, सीए तीच, तारीख नवी, पण समोरच्या सर्व्हरने पर्पज तपासलं आणि नको म्हणाला. गंमत म्हणजे हे फील्डच नसतं तर ओपनएसएसएलने (सर्ट तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून घेतलं असतं. फील्ड आहे आणि त्यात क्लायंट ऑथ नाही, म्हणून रिजेक्ट.

हे कुणाची चूक म्हणून झालेलं नाही. क्रोमच्या रूट प्रोग्रॅमला (कुठल्या सीएवर ब्राउझरने विश्वास ठेवायचा ते ठरवणारे नियम) वेबसाइटची सर्टं देणारी चेन फक्त सर्व्हर ऑथसाठी हवीय. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्ट देणाऱ्या पब्लिक सीएने ११ फेब्रुवारी २०२६ पासून डीफॉल्ट सर्टमधून क्लायंट ऑथ काढलं, आणि ते आधी जाहीर करून. नोटिसा येतात, आपण मेल उघडत नाही.

घाबरू नका, उपाय अवघड नाही. स्वतःची प्रायव्हेट सीए काढा, तिची रूट की (सगळ्यात वरची, जिच्यावर बाकी सगळा विश्वास उभा असतो) ऑफलाइन ठेवा, क्लायंट ऑथवालं सर्ट त्यातून द्या, रूट सर्ट पार्टनरला पाठवा. सर्ट बनवायला मला अर्धा दिवस लागला, पार्टनरच्या अप्रूव्हलला नऊ दिवस. तेवढे दिवस शिव्या खायची तयारी ठेवा.

आमच्या एका सीनियरने तेव्हा सुचवलं की पार्टनरला सांग, व्हेरिफिकेशन तात्पुरतं बंद कर. असा गुरू भेटला तर चहा पाजा, पण सल्ला घेऊ नका. तात्पुरतं बंद केलेलं कोणी परत चालू करत नाही, मी तरी बघितलेलं नाही.

आणि खरं सांगू, आमची जुनी पद्धत चालत होती तेव्हाही धड नव्हतीच. पब्लिक सीएवर विश्वास ठेवून क्लायंट आत घ्यायचा म्हणजे त्या सीएचं असं सर्ट ज्याच्याकडे आहे तो कोणीही चेनच्या तपासणीत पास. सर्टमधलं नाव वेगळं तपासलं तरच अडतो. पार्टनर तपासतो का, हे मी इतक्या वर्षांत विचारलंही नव्हतं.

आता दर रिन्यूनंतर डिप्लॉय करायच्या आधी ओपनएसएसएलच्या व्हेरिफाय कमांडला पर्पज एसएसएलक्लायंट देऊन सर्ट तपासतो. दोन सेकंदांचं काम आहे. प्रायव्हेट रूटची एक्सपायरी मात्र कॅलेंडरमध्ये आजच टाका, ती कोणी मेल करून कळवणार नाही.