इंदूरला जा, पण राजवाडा नंतर बघा

मुलुंडमधल्या चार विंगच्या सोसायटीची मी सात वर्षं सेक्रेटरी आहे. आमची कमिटी 'नेतृत्व शिकायला' पहिल्यांदा परगावी गेली तेव्हा आम्ही गुच्छ दिले, चहा-बिस्किटं खाल्ली, पडद्यावरचे चकचकीत फोटो बघितले आणि एका साहेबांशेजारी उभं राहून आपलेही काढून घेतले. परतलो तर गेटपाशी ओला-सुका एकाच पिंपात. खर्च ज्याने त्याने खिशातून केला होता, एवढंच बरं.

दुसऱ्या वेळी शहाणे झालो. ते असं.

आधी आपलं दुखणं ठरवा, मग गाव. रोज शंभर किलोंहून जास्त कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असं महापालिकेने 2017 मध्ये बजावलं. त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, इंदूर पहिलं आलं, आणि आदल्या वर्षी ते पंचविसावं होतं! मधल्या काळात कोण कोणाशी काय बोललं, ते मला हवं होतं.

पाचजण पुरे. त्यात एक तक्रारखोर सभासद घ्याच (आमच्या बी विंगच्या काकांनी रेल्वेच्या चादरीपासूनच सुरुवात केली). आणि प्रत्यक्ष काम ज्यांच्या हातून होतं, त्यांना न्या. आम्ही कचरा उचलणाऱ्या मावशींना नेलं. तिकीट, राहणं आणि तीन दिवसांची मजुरी सोसायटीची. यावर मीटिंगमध्ये पाऊण तास भांडण झालं, ते होऊ द्यावं.

अवंतिका एक्सप्रेस रात्रभरात पोचवते. पहिल्या दिवशी कुणाची भेट ठरवू नका. रात्री सराफ्यात जा. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की समोरच खाण्याचे ठेले. भुट्ट्याचा कीस खाऊन झाला तरी निघू नका. ठेले आवरताना कोण काय उचलतं, ते बघत बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीमागे पायी चाला. आमच्या फेरीत सगळ्यात मोलाचं हेच निघालं. गाडी गाणं वाजवत येते. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा, असं सहा प्रकारांत वर्गीकरण. एका बाईंनी सगळं मिसळून आणलं. गाडीवरच्या पोराने डबा परत दिला आणि नुसता उभा राहिला, आवाज नाही की भाषण नाही. बाईंनी तिथेच ओट्यावर बसून निवडलं. मावशींनी त्याला विचारलं, "इन्होंने साहब को फोन किया तो?" तो हसला. "साहब भी यही बोलेंगे."

आपल्या पाठीशी कोण आहे, हे त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. मावशींना नव्हतं, कारण मागे एकदा तक्रार आली तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, "घेऊन टाका हो, कशाला वाद."

इंदूरच्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस बनवणारा कारखाना, 2022 मध्ये सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता. जरूर बघा, पण तिसऱ्या दिवशी. आधी यंत्र बघितलं की माणूस 'आपल्याकडे एवढे पैसे कुठे' म्हणून मोकळा होतो.

विचारताना 'हे कसं केलंत?' नको, पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'गेल्या आठवड्यात काय बिघडलं?' असं विचारा. रात्री प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या आणि मगच बोलायचं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याचंच इंदूर सगळ्यांना दिसतं. मावशी लिहीत नाहीत, म्हणून त्या आधी बोलायच्या. पहिल्याच रात्री त्या म्हणाल्या, "इथे हातमोजे मागावे लागत नाहीत वाटतं." मी खाली बघितलं.

सुरतही करण्यासारखं आहे. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर आणलं. मात्र याला तीस वर्षं झाली, तेव्हा तिथे ऑफिसात न जाता जुन्या बाजारातल्या साठीच्या दुकानदारांना गाठा.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत एकच गोष्ट करा. मीटिंगमध्ये फोटो दाखवू नका. मी नोटीस लावली: मिसळलेला कचरा मावशी घेणार नाहीत, तक्रार माझ्याकडे. खाली माझा फ्लॅट नंबर. आणि तीन आठवडे रोज सात ते आठ गेटवर उभी राहिले. काकाही यायचे, अर्थात कुरकुरत.

चौथ्या दिवशी पहिली बादली परत गेली, ती आमच्याच घरची. मेथीच्या देठांत दुधाची पिशवी होती. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. मी वॉचमनच्या बाकड्यावर बसून निवडली.