दर बदलला, पण ग्रिडमध्ये जुनाच का? डब्ल्यूपीएफमध्ये ओळीतले बदल स्क्रीनवर कसे आणावेत

डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज प्रोग्रामची स्क्रीन बांधायची डॉटनेटची चौकट) बिलाचा ग्रिड ऑब्झर्व्हेबल-कलेक्शन या यादीला जोडला की नवी ओळ लगेच दिसते, काढलेली लगेच जाते. पण कोडमधून एखाद्या ओळीचा दर ४० चा ४५ केला, तरी ग्रिडमध्ये ४० च राहतो. ते कलेक्शन फक्त ओळींची ये-जा कळवतं; ओळीच्या आत काय बदललं याचा त्याला पत्ता नसतो. तो बदल ओळीच्या क्लासनेच कळवायला हवा. आयटम्सवर रिफ्रेश मारून वेळ मारून नेऊ नका: सगळी यादी नव्याने मांडली जाते, आणि ग्रिडमध्ये एडिट चालू असेल तर थेट एक्सेप्शन येतं.

ओळीच्या क्लासला आय-नोटिफाय-प्रॉपर्टी-चेंज्ड हा इंटरफेस लावा. त्यात प्रॉपर्टी-चेंज्ड हा एकच इव्हेंट असतो. तो उडवणारी छोटी मेथड बेस क्लासमध्ये ठेवा आणि तिच्या पॅरामीटरला कॉलर-मेंबर-नेम लावा, डॉटनेट ४.५ पासून प्रॉपर्टीचं नाव त्यातून आपोआप मिळतं. सेटरमध्ये (प्रॉपर्टीत नवी व्हॅल्यू भरणारा कोड) क्रम पाळा: व्हॅल्यू तीच असेल तर परत फिरा, नाहीतर आधी फील्डमध्ये भरा, मगच इव्हेंट उडवा. उलट केलंत तर स्क्रीन जुनीच व्हॅल्यू पुन्हा वाचते. बाइंडिंग (स्क्रीनशी जोडणी) पब्लिक प्रॉपर्टीलाच होतं, फील्डला नाही.

‘रक्कम’ म्हणजे नग गुणिले दर. तिला स्वतःचा सेटर नाही. म्हणून नग आणि दर, दोन्हींच्या सेटरमधून ‘रक्कम’साठीही इव्हेंट उडवा. इथे नाव अवतरणात टाइप करू नका, नेम-ऑफ वापरा. अवतरणातलं स्पेलिंग चुकलं तर कंपायलर गप्प, प्रोग्रामही गप्प, आणि आकडा मात्र हलत नाही. अशी चूक शोधण्यात फार वेळ जातो.

खरी कसोटी खालच्या एकूण बेरजेची. यादीच्या कलेक्शन-चेंज्ड इव्हेंटमध्ये न्यू-आयटम्समधल्या प्रत्येक ओळीच्या प्रॉपर्टी-चेंज्डला बेरीज पुन्हा करणारा हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारी मेथड) जोडा, ओल्ड-आयटम्समधल्या ओळींचा काढा, आणि दोन्ही वेळी बेरीज पुन्हा करा. क्लिअर केल्यावर मात्र रीसेट येतो आणि ओल्ड-आयटम्स नल असतं. त्यामुळे क्लिअरच्या आधीच लूप लावून हँडलर सोडवा. ते राहून गेलं आणि तीच ओळ पुन्हा घातली, तर एका बदलाला हँडलर दोनदा चालतो.

अख्खी यादीच नवी दिली, तर यादी धरणाऱ्या प्रॉपर्टीनेही इव्हेंट उडवायला हवा; नाहीतर ग्रिड जुन्या यादीलाच चिकटून राहतो.

दुसऱ्या थ्रेडवरून साधी प्रॉपर्टी बदलली तर डब्ल्यूपीएफ ते सांभाळून घेतं. ओळ घातली किंवा काढली तर नॉट-सपोर्टेड-एक्सेप्शन येतं. ते काम डिस्पॅचरमधून (स्क्रीनच्या थ्रेडकडे काम सोपवणारा) करा.

ग्रिड दरानुसार सॉर्ट केलेला असेल, तर आकडा बदलूनही ओळ जागची हलत नाही. त्यासाठी कलेक्शन-व्ह्यू-सोर्सवर इज-लाइव्ह-सॉर्टिंग-रिक्वेस्टेड ट्रू करा आणि लाइव्ह-सॉर्टिंग-प्रॉपर्टीजमध्ये दराची प्रॉपर्टी घाला.