शेळ्यांना ब्लू टंग झालाय का? नुसती जीभ बघत बसू नका, या चुका टाळा

पाऊस उघडला ना की आमच्या थेऊरच्या बाजूला दिवेलागणीला गोठ्यात उभं राहवत नाही. डास निदान दिसतात तरी, ही बारीक चिलटं मोहरीएवढी, कानाच्या पाळीला नाहीतर पापणीला चावली की नुसती आग होते आणि हाताला काही लागतच नाही. डॉक्टर लोक त्यांना क्युलिकॉइडिस म्हणतात आणि शेळ्या-मेंढ्यांचा ब्लू टंग, म्हणजे आपला नीलजिव्हा, पसरतो तो मुख्यतः यांच्या चाव्यातून. माणसाला हा रोग होत नाही, ते टेन्शन नको.

पहिली चूक नावामुळेच होते. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आसपास माझी एक संगमनेरी जातीची शेळी सकाळी कळपापासून लांब उभी, ओठ जरा सुजलेला, नाकपुडीला पिवळी खपली. मी जबडा उघडून जीभ बाहेर ओढून बघितली, मस्त गुलाबी. म्हटलं घाणेरी खाल्ली असेल नाहीतर काटा लागला असेल, आणि चार दिवस तसेच घालवले. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी जिभेकडे बघितलंच नाही आधी. पुढचा पाय उचलला, ओल्या फडक्याने चिखल पुसला आणि खूर जिथे कातडीला चिकटतो तिथली लाल रेघ दाखवली, बोट टेकवलं तर शेळी कळवळली. तेव्हा डोक्यात आलं की ही दोन दिवस अंड्यांवर चालल्यासारखी का चालत होती. जीभ निळी पडणं मेंढीतही प्रत्येक वेळी होत नाही, शेळीत तर फारच क्वचित. बऱ्याच शेळ्यांना लागण होऊन जाते आणि वरून काहीच दिसत नाही, एखादीला दोन दिवस ताप येतो, एखादी गाभडते आणि आपण खापर चाऱ्यावर फोडतो.

म्हणून जिभेच्या आधी थर्मामीटर. शेळीचं नॉर्मल साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास असतं, १०५-१०६ दिसलं तर ओठ, हिरड्या, वरचा दात नसलेला कडक भाग आणि खुराची कोर हे सगळं बघा. आणि बघूनही खात्री धरू नका, कारण तोंडातलं बरंच काही सारखंच दिसतं. पीपीआरमध्ये, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगमध्ये, डोळ्यातून चिकट घाण आणि जोरात हगवण असते, लाळ्या खुरकूतमध्ये फोड येतात आणि खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, मावा या तोंडाच्या रोगात ओठावर जाड खपल्या धरतात, तरी पुस्तकात वेगळं आणि गोठ्यात सगळं मिसळलेलं असतं.

दुसरी चूक मेडिकलमधून सुई आणून मारायची. हा व्हायरस आहे, अँटिबायोटिकने तो मरत नाही. वरून जखमा चिघळू नयेत, फुप्फुसात दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक देतात, तापाला आणि दुखण्याला मेलोक्सिकॅम देतात, ते बरोबर आहे, पण डोस त्यांनी ठरवायचा. सर्वात वाईट म्हणजे सूज पटकन उतरते म्हणून कोणीतरी सांगतं आणि आपण डेक्सा, म्हणजे स्टेरॉइडची सुई, मारतो. दिवस भरत आलेली शेळी असेल तर त्याने गाभ पडू शकतो, शिवाय आजाराशी झगडायची अंगातली ताकदच कमी होते.

आता तिसरी, आणि ही मला महागात पडलीये. शेळी खाईना म्हणून मी तिची मान वर करून बाटलीने गुळाचं पाणी आणि पातळ पेज घशात ओतली, दोन दिवस सकाळ संध्याकाळ, प्रेमानेच. या आजारात तोंड तर सोललेलं असतंच पण गिळायचे स्नायूही खराब होऊ शकतात, त्यामुळे ओतलेलं पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत जातं. तिसऱ्या दिवशी ती खोकायला लागली, नाकातून पेजेसारखंच पांढरं आलं, आणि पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले व्हायरसने कदाचित नसती मेली. म्हणजे काय ते समजून घ्या.

त्यापेक्षा असं करा, तुरटीच्या नाहीतर पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या गुलाबी पाण्याने डोकं खाली ठेवूनच तोंड धुवा, बोरोग्लिसरीन लावा, कोवळा लसूणघास किंवा मऊ भिजवलेला भुसा तोंडापुढे ठेवा आणि तिला तिच्या मनाने खाऊ द्या. उन्हात बांधू नका, उन्हाने तोंडाच्या जखमा वाढतात. अजिबातच गिळत नसेल तर सलाइन, आणि ते डॉक्टरांकडूनच.

चौथी चूक म्हणजे आजारी शेळी कोपऱ्यात वेगळी बांधायची, गोठ्यात फिनाईल मारायचं आणि निवांत झोपायचं. वेगळी बांधा जरूर, निगा नीट राखता येते आणि पीपीआर निघाला तर बाकीच्या वाचतात. पण ब्लू टंग शेजारी उभं राहून लागत नाही, चिलट एकीला चावून दुसरीकडे जातं, त्याला दोन शेळ्यांमधली दहा फूट म्हणजे काहीच नाही. ही चिलटं वाढतात ओल्या शेणात आणि चिखलात, म्हणजे हौदाची गळती, मुताची नाली, उकिरड्याचा ओला काठ. माझ्याकडे हौदाचा व्हॉल्व्ह वर्षभर ठिबकत होता आणि मी महागडं स्प्रे आणून भिंतींवर मारत होतो! आधी पाणी थांबवा, उकिरडा लांब न्या. संध्याकाळ ते पहाट हा त्यांचा टाइम, तर सूर्य मावळायच्या आत शेळ्या आत घ्या, रात्रभर बल्ब चालू ठेवू नका कारण ती उजेडावर येतात. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात घुसतात, जाळी बारीकच पाहिजे. कडुनिंबाचा धूर थोडा वेळ बरा, पण खरा उपयोग झाला तो पेडेस्टल फॅनचा, ही जात उडण्यात कच्ची असते, वाऱ्यापुढे टिकत नाही. अंगावर ओतायचं कीटकनाशक डॉक्टरांना विचारूनच, दुभत्या शेळीला तर नक्कीच.

पावसाळा संपला की आमच्याकडे शेतात मेंढ्या बसवतात, चार रात्री वाडा असतो. तेव्हा लोक म्हणतात मेंढ्यांनी रोग आणला. होऊ शकतं, पण उलटंही होतं, आपल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या आणि शेजारच्या गायींच्या रक्तात व्हायरस असतो, गायीत तर दोन महिन्यांपर्यंत, आणि मरतात त्या धनगराच्या मेंढ्या. भांडण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

सॅम्पल उशिरा देणं आणि चुकीचं देणं हे पण नेहमीचं. रक्त ताप असतानाच घ्यायचं, जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये, आणि बर्फाच्या डब्यात न्यायचं. फ्रीजरमध्ये गोठवलं तर व्हायरस टिकत नाही. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभागाची लॅब आहे, डॉक्टरांमार्फत पाठवा. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आत्ताचा आजार तोच असं नाही, ती जुन्या लागणीचीही असते. आपल्याकडे हा रोग नवा थोडीच आहे, देशातली पहिली नोंदच १९६४ सालची, महाराष्ट्रातली. व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते बघायला पीसीआर तपासणी.

लस आहे, मेलेल्या व्हायरसची, १, २, १०, १६ आणि २३ या पाच प्रकारांवर. बाकीच्या प्रकारांवर भरवसा नाही. आणि ती चिलटांच्या सीझनच्या आधी द्यायची, ताप आल्यावर धावत जाऊन टोचून काय उपयोग.

शेवटचं चाकणच्या जनावरांच्या बाजाराबद्दल. ओठ सुजलेली शेळी शनिवारी स्वस्तात काढून टाकायची ही सवय सोडा, तुम्ही घरी रोग संपवत नाही, दुसऱ्याच्या चिलटांना रक्त पुरवताय. २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात ब्लू टंग यादीत आहे, संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं असतं. फोन करायचा तर १९६२, टोल फ्री. बाहेरून पैदाशीचा बोकड आणत असाल तर त्याचा पण ताप बघून घ्या, लागण ताजी असेल तर वीर्यातही व्हायरस सापडतो. माझा थर्मामीटर आता दाराच्या खिळ्याला सुतळीने बांधून ठेवलाय, नाहीतर आमच्याकडे तो चारा कापायच्या मशीनखालीच सापडायचा.