बाई, ते आपल्याकडे पण येतील का?

२३ एप्रिल २०२५. त्या वर्षी परीक्षा एप्रिलअखेरीपर्यंत लांबल्या होत्या. सकाळी वर्गात शिरले तर सहावीतलं एकही पोर पुस्तक उघडून बसलेलं नव्हतं. आदल्या दुपारी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली होती आणि त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे होते. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, ते आपल्याकडे पण येतील का?"

अशा वेळी आपण घाईघाईने म्हणतो, "नाही गं, काही नाही होत, पेपर लिही." मीही पूर्वी असंच म्हणायचे. आता आधी विचारते, "तू काय ऐकलंस?" त्या दिवशीही विचारलं. कळलं की तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, दोन जण ट्रेनने कल्याणपर्यंत आलेत. ती रात्रभर दाराच्या कडीकडे बघत पडली होती. मी काश्मीरवर अर्धा तास बोलले असते तरी ती कडी तिच्या डोक्यातून गेली नसती. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: मुलाच्या मनात नेमकं काय बसलंय ते कळल्याशिवाय समजवायला जाऊ नका. विचारा, आणि मग थोडा वेळ खरंच गप्प बसा.

लहान असतील, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंतची, तर सगळ्यात आधी टीव्ही बंद करा. हे मी माझ्या भाच्याकडून शिकले. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा मी मालाडला बहिणीकडे अडकले होते. आम्ही मोठी माणसं रात्री उशिरापर्यंत बातम्या लावून बसलो. भाचा पाच वर्षांचा होता, तोही आमच्यातच. मध्येच म्हणाला, "मावशी, अजून किती ट्रेन फुटणार?" स्फोट सात होते, तेही अकरा मिनिटांत संपलेले. पण तेच फाटलेले डबे पडद्यावर जितक्यांदा आले, तितके नवे स्फोट त्याने मोजले होते. पुढे वाचनात आलं की १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतर आणि २००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या अभ्यासकांनाही हेच दिसलं होतं: ज्या मुलांनी ती दृश्यं टीव्हीवर जास्त पाहिली, त्यांच्यात भीतीची लक्षणं जास्त होती. घटनेपासून दूर राहणाऱ्या मुलांमध्येसुद्धा.

या वयाला दोन-तीन वाक्यं पुरतात. "काही माणसांनी ठरवून दुसऱ्यांना मारलं. ते फार वाईट झालं. आत्ता तू घरी आहेस, मी तुझ्याजवळ आहे." 'ती माणसं झोपली' किंवा 'देवाघरी फिरायला गेली' असं सांगू नका, मग मूल झोपायलाच घाबरतं. ठोकळ्यांची ट्रेन करून पुन्हापुन्हा पाडत असेल तर पाडू द्या, ते मनातलं बाहेर काढण्याचं त्याचं काम चाललेलं असतं. पोटात दुखणं, अंथरूण ओलं होणं, आईचा पदर न सोडणं हेही होतं. त्यावरून रागावू नका.

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं 'का?' विचारतात. त्यांच्यासमोर मी 'दहशतवाद' हा शब्दच फळ्यावर फोडून लिहिते. दहशत. मारलं जातं काही माणसांना, पण निरोप असतो जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी: घाबरा, आणि एकमेकांवर संशय घ्या. २६ नोव्हेंबर २००८ ला आलेल्या दहा जणांनी सीएसटी, ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस अशाच जागा निवडल्या, जिथलं दृश्य जगभर दिसेल. १६६ माणसं गेली. सीएसटीवर गावाला निघालेली, गाठोडी घेऊन बसलेली कुटुंबं होती, हिंदू आणि मुसलमान दोन्ही.

इथे मी मुद्दाम थांबते, कारण वर्गात खरी जखम इथेच होते. त्या एप्रिलमध्ये माझ्या वर्गात एक मुसलमान मुलगा होता. एरवी पहिल्या बाकासाठी भांडणारा, त्या दिवशी शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याला "तुमची माणसं" असं म्हणालं होतं. काही शिक्षक चांगल्याच हेतूने अशा मुलाला उभं करतात आणि "सांग बरं, तुला हे पटतं का?" असं विचारतात. हात जोडून सांगते, असं करू नका. बाकी एकोणचाळीस मुलांना जो खुलासा मागितला नाही, तो त्याला एकट्याला मागणं ही शिक्षाच आहे. मी त्याच्याकडे न बघता सगळ्या वर्गाला दोन गोष्टी सांगितल्या. पहलगाममध्ये पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह त्याच गोळ्यांनी मेला. आणि २००८ मध्ये मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमान जामा मशीद ट्रस्टने नकार दिला होता. ज्याने टोमणा मारला, त्याच्याशी नंतर एकट्याशी बोलले. तो वाईट मुलगा नाही, त्याने घरात ऐकलेलं वाक्य उचललं होतं. म्हणून पालकांनो, जेवताना काय बोलता ते जपा.

"पुन्हा होईल का?" याला "कधीच नाही" असं उत्तर देऊ नका. मुंबईतल्या मुलाला १९९३, २००६, २००८, २०११ ही सालं गूगलवर दोन मिनिटांत सापडतात आणि तुमच्यावरचा विश्वास उडतो. मी म्हणते, "होऊ शकतं, पण फार क्वचित. आणि झालंच तर काय करायचं ते आपण ठरवून ठेवू." मग खरंच ठरवतो. आईबाबांचे नंबर पाठ हवेत, मोबाईलमध्ये साठवून उपयोग नाही. ११ जुलैला नेटवर्क ठप्प झालं होतं आणि लोक तासन्‌तास घरच्यांचा आवाज ऐकायला तळमळत होते. म्हणून बाहेरगावचा एक नातेवाईक ठरवा, ज्याला सगळ्यांनी आपली खुशाली कळवायची. बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, लांब जायचं, पोलिसांना सांगायचं किंवा ११२ लावायचा. हाताला काम मिळालं की भीती थोडी आवरते.

आठवी-नववीच्या मुलांचा प्रश्न फॉरवर्डचा असतो. "नको पाठवू" म्हटलं तर ऐकत नाहीत. त्यांना कारण सांगा. २६/११ ला वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून फोनवर सूचना देत होते; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. हे ऐकून माझ्या वर्गातल्या एका मुलाने तिथल्या तिथे व्हिडिओ पुसला.

याच मुलांनी जुलै २०२५ मध्ये मला अडवलं. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाने २१ जुलैला बाराही जणांना निर्दोष ठरवलं, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. "मग बाई, बॉम्ब ठेवले कोणी?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तो तास जड गेला. पण मोठ्यांनाही माहीत नसतं आणि तरी ते खोटं बोलत नाहीत, हे त्यांनी पाहिलं.

शूर माणसांच्या गोष्टी जरूर सांगा, पण फक्त हुतात्म्यांच्या नकोत. तुकाराम ओंबळेंबद्दल सांगाच. सोबत कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्याबद्दलही सांगा: त्यांनी वीस गरोदर बायकांना एका खोलीत नेलं, दारं लावली, दिवे घालवले. आणि सीएसटीवरचे उद्घोषक विष्णू झेंडे, ज्यांनी माईकवरून लोकांना बाहेर काढलं. आपापलं रोजचंच काम ते करत होते, म्हणून मुलांना ती जवळची वाटतात.

ज्या मुलाच्या घरातलं माणूस गेलंय, त्याला "आता तूच घर सांभाळ" असं म्हणू नका. शेजारी बसा, पाणी द्या, गृहपाठाची वही भरून द्या. काय घडलं ते त्याच्याकडून वदवून घेऊ नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगेल. महिना उलटूनही झोप नाही, शाळेत यायला तयार नाही, जगायचंच नाही असं काही बोलतंय, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ किंवा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ लावा. दोन्ही फुकट आहेत.

त्या दिवशी पेपर अर्धा तास उशिरा सुरू झाला. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने कच्च्या कागदावर आईबाबांचा आणि साताऱ्याच्या मामाचा नंबर तीन-तीनदा लिहिला, मला म्हणून दाखवला, आणि मग पहिला प्रश्न सोडवायला घेतला.